विश्लेषण : टीबीची औषधे सुरू, तरी ताप आणि अंगावर गाठी... फुफ्फुसात बुरशी तर नाही?

फुफ्फुसातून रक्तात उतरलेली बुरशी बाहेरून हुबेहूब क्षयरोगासारखी दिसते. अशा वेळी त्वचेवरची एक लहानशी गाठ निदानाचा सर्वांत जवळचा रस्ता ठरू शकते. मात्र त्यासाठी नमुना योग्य रीतीने पाठवावा लागतो आणि प्रयोगशाळेला ‘बुरशीही शोधा’ असे सांगावे लागते.

अनेक आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, घटणारे वजन आणि एक्स-रेमध्ये डाग. ही लक्षणे घेऊन कोणी दवाखान्यात गेले की भारतात पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो योग्यच असतो. जगातील साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. पण याच लक्षणांमागे काही वेळा बुरशी असते. टीबीचा कोर्स सुरू होतो, दोन-तीन महिने जातात, ताप उतरत नाही आणि एक दिवस चेहऱ्यावर किंवा हातावर पुटकुळ्या, गाठी दिसू लागतात. त्यांच्यासाठी वेगळ्या डॉक्टरकडे जाऊन मलम घेतले जाते. छातीचा आजार एका फाईलमध्ये आणि त्वचेचा दुसऱ्या फाईलमध्ये राहतो. प्रत्यक्षात दोन्हींचे कारण एकच असू शकते.

नायटा आणि ही बुरशी एकच का?

नाही. नायटा, गजकर्ण किंवा बोटांच्या बेचक्यातील चिखल्या यांची बुरशी सहसा त्वचेच्या वरच्या थरातच राहते. केस, नखे आणि त्वचेत असलेल्या केराटिन या प्रथिनावर ती जगते. नायटा झाला म्हणून तो फुफ्फुसात उतरेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

या लेखातील आजारांचा प्रवास बहुतेक वेळा उलट दिशेने होतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आधी फुफ्फुसात जातात. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा साध्या सर्दी-खोकल्यावर निभावते. शरीराने त्यांना तिथेच रोखले नाही तर बुरशी रक्तावाटे त्वचा, यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, मेंदू किंवा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचते. यालाच सर्वांगात पसरलेला, म्हणजे सिस्टेमिक बुरशीसंसर्ग म्हणतात. त्वचेवरची गाठ ही अशा वेळी आतल्या आजाराने बाहेर दिलेली खूण असते.

बुरशी शरीरात टिकते कशी?

यातील काही बुरशींकडे एक खास क्षमता असते. मातीत, साधारण २५ अंश सेल्सिअसला त्या धाग्यांसारख्या वाढतात. माणसाच्या शरीरात ३७ अंश तापमान मिळाले की त्या रूप बदलतात आणि बहुतेक जाती यीस्टसारख्या गोल किंवा लांबट पेशी बनतात. त्यांना द्विरूपी बुरशी म्हणतात. हिस्टोप्लाझ्मा, टॅलॅरोमायसिस, ब्लास्टोमायसिस ही त्यांची उदाहरणे. हिस्टोप्लाझ्माच्या पेशी तर अवघ्या २ ते ४ मायक्रोमीटरच्या असतात. जंतूंना गिळून संपवणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात खऱ्या, पण त्यांच्याच आत या बुरशी तग धरतात आणि त्या पेशींमधूनच शरीरभर फिरतात.

भारतात कोणत्या बुरशी, कुठे?

हिस्टोप्लाझ्मा : वटवाघळांची विष्ठा आणि पक्ष्यांची विष्ठा मिसळलेल्या मातीत ही बुरशी वाढते. गुहा, जुन्या पडक्या इमारती, कोंबड्यांची खुराडी साफ करताना उडणारी धूळ हा तिचा मार्ग. भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद १९५४ मध्ये कोलकात्यातून झाली. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशात ती जास्त आढळते. महाराष्ट्रासह इतर राज्यांतूनही तुरळक रुग्णनोंदी आहेत.

टॅलॅरोमायसिस मार्नेफाय : ही आग्नेय आशिया आणि ईशान्य भारतातील बुरशी. १९५६ मध्ये व्हिएतनाममधील बांबूच्या बनात राहणाऱ्या उंदराच्या जातीत ती प्रथम सापडली. मणिपूरमधील स्थानिक रुग्णांची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. एचआयव्हीबाधितांमध्ये तिचा धोका मोठा.

क्रिप्टोकोकस : कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि झाडांच्या कुजणाऱ्या लाकडात आढळते. फुफ्फुसातून तिची धाव बहुतेकदा मेंदूच्या आवरणाकडे असते. मुंबईतील कबुतरखान्यांच्या वादात हे नाव अनेकांनी ऐकले असेल. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. कबुतरांमुळे होणारा फुफ्फुसांचा नेहमीचा दीर्घ आजार ही अॅलर्जी असते, संसर्ग नव्हे. दोन्हींचे उपचार वेगळे, किंबहुना विरुद्ध आहेत. अॅलर्जीत स्टेरॉइड देतात, तर संसर्गात विनाकारण दिलेले स्टेरॉइड बुरशीला मोकळे रान देते.

म्युकर आणि अॅस्परजिलस : २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून म्युकरमायकोसिस घराघरात पोहोचला. तेव्हा नाक, सायनस आणि डोळ्यांचे रुग्ण जास्त दिसले, पण म्युकर फुफ्फुसात आणि जखमेतून थेट त्वचेतही शिरतो. अनियंत्रित मधुमेह हे त्याचे भारतातील मोठे कारण. या बुरशी द्विरूपी नाहीत. त्या रक्तवाहिन्यांत घुसून रक्तपुरवठा तोडतात, म्हणून त्वचा काळी पडते.

परदेशातून येणारे संसर्ग : अमेरिकेतील अॅरिझोना आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस असते, तिच्या आजाराला तिथे ‘व्हॅली फीवर’ म्हणतात. ग्रेट लेक्स आणि मिसिसिपी, ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत ब्लास्टोमायसिस आढळते. २०२३ मध्ये मिशिगन राज्यातील एका कागद कारखान्यात तिची साथ आली आणि १०० हून अधिक जण बाधित झाले. शिक्षण-नोकरीसाठी या भागांत राहून परतलेल्यांनी भारतातील डॉक्टरांना हा प्रवास सांगितलाच पाहिजे. यातील काही बुरशी शरीरात अनेक वर्षे सुप्त राहून प्रतिकारशक्ती घटल्यावर डोके वर काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. तिच्यात १९ नावे आहेत. क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स आणि अॅस्परजिलस फ्युमिगाटस सर्वांत वरच्या गटात, हिस्टोप्लाझ्मा आणि म्युकरचा गट त्याखालोखाल, तर टॅलॅरोमायसिस तिसऱ्या गटात आहे.

क्षयरोगाशी गल्लत का होते?

ही गल्लत या आजाराच्या शोधाइतकीच जुनी आहे. डिसेंबर १९०५ मध्ये पनामा कालव्याच्या कामावरील मार्टिनिक बेटाच्या एका मजुराचा मृत्यू झाला. सर्वांगात पसरलेला क्षयरोग, असे चित्र होते. डॉ. सॅम्युअल डार्लिंग यांनी शवविच्छेदन केले तेव्हा त्यांना पेशींच्या आत बारीक गोल जीव दिसले. ते कालाआजाराच्या परजीवीसारखे वाटल्याने त्यांनी त्याला हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम हे नाव दिले. ही बुरशी आहे, हे काही वर्षांनी ब्राझीलच्या एन्रिके दा रोशा लिमा यांनी ओळखले. नावात ‘प्लाझ्मा’ असले तरी तो परजीवी नाही आणि ‘कॅप्सुलेटम’ असले तरी तिला खरे कवच नाही.

गल्लत होण्याची कारणे आजही तीच आहेत. लक्षणे सारखी असतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये दिसणारे बारीक ठिपके, पोकळ्या, सुजलेल्या लसिका ग्रंथी यांतही फरक करणे कठीण जाते. इतकेच नव्हे, तर तुकडा तपासणीत दिसणारा ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूला घेरून बसलेल्या पेशींचा गोळाही दोन्हींत असतो. अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द दिसला की आपल्याकडे तो टीबीचा पुरावा समजला जातो. तो पुरावा नाही. कुष्ठरोग, सारकॉइडोसिस आणि बुरशी यांतही ग्रॅन्युलोमा सापडतो.

भर म्हणून, सर्वच रुग्णांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. अशा वेळी लक्षणे आणि एक्स-रेवरून उपचार सुरू करावे लागतात. हा निर्णय अनेकदा बरोबर असतो. प्रश्न उरतो तो औषधे नियमित घेऊनही काही आठवड्यांत सुधारणा न दिसणाऱ्या रुग्णांचा. तिथे औषधांना दाद न देणारा टीबी शोधला जातो. त्याच वेळी बुरशीही शोधली जायला हवी.

त्वचेवर नेमके काय दिसते?

केवळ पाहून बुरशीचे नाव सांगता येत नाही, पण काही खुणा डॉक्टरांना दिशा देतात.

• मध्ये खळगा असलेल्या, मेणासारख्या पुटकुळ्या : चेहरा, मान, हात यांवर. टॅलॅरोमायसिस, क्रिप्टोकोकस आणि हिस्टोप्लाझ्मा तिन्हींत दिसू शकतात. मोलस्कम या लहान मुलांतील साध्या विषाणूजन्य फोडांसारख्या असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

• जीभ, टाळू किंवा घशातील न भरणारा व्रण, बसलेला आवाज : हिस्टोप्लाझ्माची महत्त्वाची खूण. तंबाखू खाणाऱ्यांत याला थेट कर्करोग समजले जाण्याची शक्यता असते.

• चामखिळीसारखा खडबडीत, कडेने वाढत जाणारा चट्टा : ब्लास्टोमायसिसमध्ये. फुफ्फुसाबाहेर ही बुरशी सर्वाधिक त्वचेतच आढळते.

• वेगाने पसरणारा, दुखणारा काळा डाग : म्युकर, अॅस्परजिलस किंवा फ्युजेरियम. ही तातडीची स्थिती आहे. इथे तासांना महत्त्व असते.

• नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी : ही बहुतेकदा शरीराची प्रतिक्रिया असते. त्यामुळे या गाठीच्या तुकड्यात बुरशी सापडत नाही. अशाच गाठी टीबीतही येतात.

तुकडा एक, भाग दोन

समजा, एखाद्या रुग्णाच्या फुफ्फुसात डाग आहेत आणि गालावर तीन पुटकुळ्या आहेत. फुफ्फुसाचा नमुना घ्यायचा तर दुर्बीण घालून ब्रॉन्कोस्कोपी किंवा सुईने बायोप्सी करावी लागते. दम लागलेल्या रुग्णात त्यात जोखीम असते. गालावरची पुटकुळी मात्र जागा बधिर करून काही मिनिटांत काढता येते. दोन्हींत बुरशी एकच असेल, तर या इवल्याशा तुकड्यावरून फुफ्फुसाचेही निदान होते.

चूक होते ती पुढच्या टप्प्यावर. शस्त्रक्रियागृहात काढलेला प्रत्येक तुकडा सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मेलिन पेशींची रचना जपते, पण जिवंत बुरशी मारून टाकते. मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखणे अशक्य होते. म्हणून तुकड्याचे दोन भाग करायचे असतात. एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीकडे. नमुना एकदा बाटलीत गेला की ही चूक दुरुस्त होत नाही. पुन्हा बायोप्सी करावी लागते.

सोबतच्या कागदावर ‘बुरशीचा संशय’ असे लिहिणेही तेवढेच महत्त्वाचे आहे. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या रंगांत बारीक यीस्ट सहज निसटतात. त्यासाठी पीएएस आणि सिल्व्हर स्टेन हे खास रंग वापरावे लागतात. म्युकरचा संशय असेल तर तुकडा कुटून चालत नाही, त्याचे नाजूक धागे मोडून मरतात. द्विरूपी बुरशीची प्लेट नकळत उघडली तर उडणारे बीजाणू प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांच्या श्वासात जाऊ शकतात, म्हणूनही पूर्वसूचना हवी.

कोणती चाचणी काय सांगते?

प्रत्येक चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट क्षयाच्या जंतूची जनुकीय खूण शोधतात. ती निगेटिव्ह आली तर ‘बुरशी आहे’ किंवा ‘बुरशी नाही’ यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

थेट सूक्ष्मदर्शक तपासणी सर्वांत जलद. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून नमुना पाहिला की काही तासांतच बुरशीचे धागे आहेत का, ते कळते. म्युकरमध्ये शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा यावरच होतो. पुटकुळीचा तुकडा काचपट्टीवर टेकवून रंगवला तर यीस्टही दिसतात. हिस्टोप्लाझ्माच्या पेशीला अंकुर फुटतो, टॅलॅरोमायसिसची पेशी मधोमध भिंत घालून दुभंगते. एवढ्या फरकावरून जाणकार डोळा दोघींना वेगळे ओळखतो.

कल्चर हा भक्कम पुरावा, पण संथ. हिस्टोप्लाझ्मा वाढायला चार ते सहा आठवडेही लागतात. साध्या जिवाणूंसाठीचे कल्चर काही दिवसांत बंद होते आणि ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो. रक्त आणि अस्थिमज्जेचे कल्चरही पसरलेल्या संसर्गात उपयोगी ठरते.

अँटिजेन चाचणी बुरशीचे कण शोधते. क्रिप्टोकोकससाठी रक्ताच्या थेंबावर पट्टी वापरून सुमारे दहा मिनिटांत उत्तर मिळते. एचआयव्हीचा आजार बळावलेल्यांमध्ये लक्षणे नसतानाही ही चाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हिस्टोप्लाझ्माचे अँटिजेन लघवीत सापडते, पण ही चाचणी भारतात सर्वत्र सहज मिळत नाही.

बीटा-डी-ग्लुकान आणि गॅलॅक्टोमॅनन या रक्तचाचण्यांची नावे मोठ्या रुग्णालयांच्या बिलांत दिसतात. पहिली अनेक बुरशींत पॉझिटिव्ह येते, पण कोणती बुरशी ते सांगत नाही आणि म्युकर तिला सापडत नाही. दुसरी मुख्यतः अॅस्परजिलससाठी, मात्र हिस्टोप्लाझ्मा आणि टॅलॅरोमायसिसमध्येही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे एकट्या अहवालावर निदान ठरत नाही.

उशीर झाला तर काय?

बुरशीवर टीबीची औषधे चालत नाहीत, हा पहिला तोटा. दुसरा तोटा औषधांच्या आपसांतील परिणामाचा. टीबीच्या कोर्समधील रिफाम्पिसिन हे औषध इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारख्या बुरशीविरोधी औषधांचे रक्तातील प्रमाण खूप घटवते. ‘दोन्ही देऊन पाहू’ हा वरवर सुरक्षित वाटणारा मार्ग म्हणूनच फसतो. गोळ्या पोटात जातात, पण रक्तात पुरेशा पोहोचत नाहीत. तिसरा तोटा स्टेरॉइडचा. सारकॉइडोसिस किंवा अॅलर्जी समजून स्टेरॉइड दिले तर रुग्णाला काही दिवस बरे वाटते आणि आत बुरशी पसरत राहते.

योग्य वेळी निदान झाले तर उपचार आहेत. गंभीर आजारात शिरेतून अॅम्फोटेरिसिन-बी देतात. त्या काळात मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. नंतर बुरशीनुसार गोळ्या. सर्वांगात पसरलेल्या हिस्टोप्लाझ्मात इट्राकोनॅझोल साधारण वर्षभर घ्यावे लागते. म्युकरमध्ये औषधासोबत मृत भाग काढून टाकणे आणि साखर आटोक्यात आणणे अनिवार्य. क्रिप्टोकोकस त्वचेवर किंवा रक्तात सापडला तर डोके दुखत नसले तरी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून मेंदूज्वर आहे का, हे पाहतात. अॅड्रिनल ग्रंथी बाधित असतील तर संप्रेरकांची पूर्ती करावी लागते, अन्यथा रक्तदाब अचानक कोसळू शकतो.

रुग्णाने काय करावे?

सर्वप्रथम, हा लेख वाचून टीबीची औषधे परस्पर बंद करू नयेत. टीबी या बुरशींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो आणि कोर्स अर्धवट सोडल्यास तो औषधांना दाद देईनासा होतो. काही रुग्णांत टीबी आणि बुरशी दोन्ही एकत्र असतात. औषधांत बदल डॉक्टरांनीच करायचा असतो.

मात्र पुढील गोष्टी स्वतःहून सांगाव्यात, कारण त्या विचारल्या जातीलच असे नाही.

• छातीच्या तक्रारीसोबत त्वचेवर किंवा तोंडात नवे काही उठले असेल तर ते दाखवा. पुटकुळ्या येत-जात असतील तर मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा.

• कुठे राहिलात, कुठे फिरलात ते सांगा. ईशान्य भारत, गंगेचे खोरे, अमेरिकेतील वास्तव्य, गुहेतील भटकंती, जुन्या वाड्याची साफसफाई, कुक्कुटपालन, काही वर्षांपूर्वीचेही.

• मधुमेह, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, कर्करोगाचे उपचार, संधिवात किंवा सोरायसिसची इंजेक्शने आणि कोणत्याही नावाने घेतलेली स्टेरॉइड यांची माहिती द्या.

• बायोप्सी ठरली असेल तर एकच प्रश्न विचारा : ‘डॉक्टर, नमुना बुरशीच्या कल्चरसाठी सलाइनमध्येही पाठवणार ना?’

• जुने एक्स-रे, सीटी आणि बायोप्सीचे अहवाल सांभाळून ठेवा. आधीच्या बायोप्सीचे मेणातले ठोकळे, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेत जपलेले असतात. त्यांवर नव्याने खास रंग देऊन बुरशी शोधता येते. प्रत्येक वेळी पुन्हा तुकडा काढावा लागतोच असे नाही.

मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांत बुरशीची तपासणी होते. अवघड नमुन्यांसाठी चंडीगडच्या पीजीआय संस्थेत रोगकारक बुरशींचे राष्ट्रीय संकलन केंद्र आहे. म्हणजे तपासणीची सोय देशात आहे. कमी पडतो तो वेळेवर घेतलेला संशय. छातीच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या त्वचेकडे आणि त्वचेच्या डॉक्टरांनी त्याच्या एक्स-रेकडे एकदा पाहिले, तर यातील अनेक रुग्णांचे काही महिने आणि काहींचे प्राण वाचू शकतात.